पांढरी पिन

डब्यात डीव्हीडीच्या सहा तबकड्या निघाल्या. तीन सिनेमांच्या, त्यांतली एक मधोमध तडकलेली. एक बारावीच्या पुस्तकाबरोबर फुकट आलेली. एक कोरी, वेष्टनही न फोडलेली. सहावीवर काळ्या मार्करनं लिहिलं होतं, ‘चि. दिगंबर आणि चि. सौ. कां. वैजयंती’. त्याखाली तारीख होती, पण ती कुणाच्या तरी बोटांच्या घामानं पुसून गेली होती.

दिवाळीआधीचं रंगकाम चाललं होतं. कपाट पुढं ओढलं तेव्हा त्याच्यामागं हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. दादा, म्हणजे माझे वडील, स्टुलावर उभे राहून भिंतीतले जुने खिळे उपटत होते.

“द्… द्…” मी म्हटलं.

दादांनी पक्कड खाली घेतली आणि खिडकीबाहेर बघत थांबले. माझा शब्द अडला की ते असंच करायचे. तोंडाकडे टक लावायचे नाहीत, घाई करायचे नाहीत, आणि पुढचा शब्द स्वतः पुरवायचे नाहीत.

“दादा, ही तुमच्या लग्नाची?”

त्यांनी वरूनच तबकडीकडे पाहिलं. “असेल. कॅसेटला बुरशी लागायला लागली तेव्हा त्यावर उतरवून घेतलेली.”

“मला क्… कधी दाखवली नाहीत.”

“मशीन कुठं राहिलं आपल्याकडं? आणि त्यात बघण्यासारखं काय, जेवणावळी आणि फेटे.” ते पुन्हा खिळ्याकडे वळले.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. आई मी दीड वर्षाची असताना काविळीनं गेली. घरात तिचे फोटो होते, ट्रंकेत साड्या होत्या, तिच्या हातची शिवलेली माझी दोन झबली होती. आवाज नव्हता. ती कशी बोलायची असं कुणालाही विचारलं तरी एकच उत्तर मिळे : “अबोल होती.” दादा हेच म्हणत, शकुआत्या हेच म्हणत. पाहुणे घरी आले आणि मी पाणी देऊन काही न बोलता आत गेले, की दादा त्यांना सांगत, “आमची कांचन जरा अबोल आहे.”

मी अबोल नव्हते. मला बोलायचं असे, ते बाहेर येत नसे. स्वतःचं नाव सांगताना तर हमखास. चार वर्षांची असताना घराशेजारी वीज पडली, त्या धसक्यानं वाचा अडखळायला लागली, असं घरात सांगत. शाळेत नाव घालताना दादांनी बाईंनाही तेच सांगितलं होतं. दादा स्वतः एसटीत वाहतूक नियंत्रक. फलटणच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभं राहिलेल्या कुणालाही त्यांचा आवाज ओळखता आला असता. सातारा, बारामती, दहिवडी, कुठलीही गाडी असो, सगळी गावं ते एका श्वासात, एकही अक्षर न गिळता म्हणत.

तबकडी मी उजेडात धरली. मागची बाजू जांभळट होती. मधल्या भागात स्वच्छ, पण कडेला बोटभर रुंदीची धुरकट पट्टी आणि तिच्यात केसासारखे ओरखडे. तबकडीवरची नोंद आतून सुरू होते आणि बाहेर संपते. म्हणजे खराबी असली तर ती लग्नाच्या शेवटाला होती.

लॅपटॉप मी वर्गातल्या मुलीकडून जुना घेतलेला होता. त्याला तबकडी घालायचा कप्पा होता, एवढ्यासाठीच त्या दिवशी मला तो पुन्हा आवडला. संध्याकाळी चहाला शकुआत्या आली तेव्हा मी तो पलंगावर उघडून बसले होते. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. दोन घरं सोडून राहायची, आणि आमच्या घरात तिला विचारल्याशिवाय कढीपत्ताही लावला जात नसे.

“काय गं, काय चाललंय?”

“ल… ल…”

“लग्नाची फिल्लम!” आत्यानं शब्द माझ्या तोंडातून काढून घेतला आणि मांडी घालून बसलीच. “अगं बाई, लाव की मग. मी त्यात लई बारीक आहे.”

कप्प्यात तबकडी गरगरली. पडद्यावर पांढरी चौकट आली. चित्र उलगडण्यासाठी लागणारा डीकोडर या संगणकावर नाही, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, ही भाषा येत नाही.”

“मग दुसरा बघ, भाषा येणारा.”

आत्यानं गमतीत म्हटलं, पण उपाय तोच होता. तबकडीवर चित्र घट्ट घडी घालून ठेवलेलं असतं; ती घडी मोडणारी रीत ज्या प्लेअरला ठाऊक, तोच ते दाखवू शकतो. माझ्या लॅपटॉपमधल्याला ती ठाऊक नव्हती. मी स्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन दुसरा प्लेअर पेनड्राइव्हवर उतरवून आणला. परत आले तेव्हा आत्यानं भाजीची जुडी आमच्याच घरात निवडायला घेतली होती आणि दादा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. खुर्चीचं तोंड अंगणाकडं होतं.

या वेळी चित्र आलं. हलताना कडांना कंगव्याचे दात फुटल्यासारखं दिसत होतं, तेही एक बटण दाबून घालवलं. मांडव. केळीचे खुंट. सनईची एक धून आणि तिच्यामागोमाग सिनेमातलं गाणं.

“ती बघ मी! हिरव्या शालूतली. होते का नाही बारीक?”

“होतीस,” दादा वळून न बघता म्हणाले. “त्या दिवशी जेवली नव्हतीस.”

“गप रे. तो तुझा मामा, कांचन. जिलबीच्या ताटापाशी. कायम तिथंच असायचा.”

मग ती आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हनुवटीवर गोंदण असल्यासारखा दिसणारा तीळ. फोटोतला चेहरा हलू लागतो तेव्हा तो आपण समजत होतो त्याच्यापेक्षा वेगळाच असतो. ती सारखी ओठ मुडपत होती. शेजारच्या मुलीशी ती काहीतरी बोलली. ओठ हलले. ऐकू आलं ते गाणं.

मी आवाज वाढवला. गाणं वाढलं. प्लेअरमध्ये आवाजाचे वेगवेगळे ट्रॅक निवडता येतात, तिथं जाऊन पाहिलं; ट्रॅक एकच होता. गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत मध्ये शांतता होती. त्या शांततेत भटजी हात वर करून मोठ्यानं काही म्हणत होते, लोक अक्षता टाकत होते, ताशावाला टिपरी हाणत होता, आणि कशाचाही आवाज येत नव्हता.

“यात ब्… बोललेलं काहीच नाही?”

“नाही,” दादा म्हणाले. “शूटिंगवाल्यानं सगळीकडं गाणी टाकलीत. तेव्हा तशीच पद्धत होती.”

“लग्नाच्या फिल्लमला गाणीच पाहिजेत,” आत्या म्हणाली. “नाहीतर काय ऐकायचं, वाढप्यांची भांडणं?”

जेवणं झाली, सासरच्या दारात ट्रकमधून माणसं उतरली. आमचंच हे घर, तेव्हा कौलारू. दारात चार-पाच बायका हात पसरून उभ्या राहिल्या. मधोमध हिरव्या शालूत आत्या. नवरानवरीची वाट अडवलेली. आईनं मान खाली घातली, वर केली, तोंड उघडलं, आणि चित्र थिजलं. तिचा अर्धा चेहरा चौकोनी ठिकऱ्यांचा झाला. कप्प्यातून टक् टक् असा आवाज यायला लागला.

“गेलं का?” आत्यानं विचारलं.

“जाऊ दे,” दादा म्हणाले. “जुनी झालीय. काढ बाहेर, मशीन बिघडेल तुझं.”

ते लगेच उठून आत गेले. आत्यानंही निवडलेली मेथी पदरात घेतली. इतका वेळ तिची बडबड चालू होती, आता ती घाईनं चपला शोधायला लागली.

मी तबकडी बाहेर काढली. ती गरम झाली होती. बिघडलेली तबकडी पुन्हापुन्हा चालवून बघण्यात अर्थ नसतो. प्रत्येक फेरीत ती थोडी आणखी बिघडते, आणि वाचणारं भिंगही थकतं. आधी तिच्यावरचं सगळं उतरवून घ्यायचं, मग काय ते निवांत बघायचं. प्लेअर चालू राहण्यासाठी पुढं धावतो. नुसती नक्कल करणारा प्रोग्रॅम थांबू शकतो, तोच तुकडा पुन्हापुन्हा वाचू शकतो.

दुसऱ्या दिवशी दादा ड्यूटीवर गेल्यावर मी बसले. चष्म्याचं मऊ फडकं किंचित ओलं केलं आणि मधून कडेकडे सरळ रेघेत पुसलं, गोल फिरवून नाही. गोल पुसलं तर नवा ओरखडा नोंदीच्या ओळीतच पडतो. कप्प्याचा वेग सगळ्यांत कमी केला. पहिल्या फाइली सहज उतरल्या. शेवटची अर्ध्यात अडली. वाचता येत नाही, म्हणून सूचना आली. मी तबकडी काढून गार होऊ दिली, परत पुसली, परत घातली. नक्कल थोडी पुढं सरकली आणि थांबली.

शकुआत्या दही घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

“अजून त्याच्यामागंच आहेस?”

“शेवटचं र्… र्…”

“राहिलंय. राहू दे की मग. काय अडलंय तुझं त्याच्यावाचून?”

“मला ब्… ब… बघायचंय ती काय म्हणाली.”

या वेळी तिनं मध्ये शब्द घातला नाही. पातेलं ओट्यावर ठेवलं. “काय म्हणणार? उखाणा घेतला असंल. सगळ्या घेतात.” मग माझ्याजवळ येऊन माझ्या केसांवरून हात फिरवला. तिचा हात दह्यानं गार होता. “गाणंच आहे गं त्याच्यावर. कशाला जीव आटवतीस.”

ती गेल्यावर बराच वेळ तुकडे एकेक करून येत राहिले. काही आलेच नाहीत. त्यांच्या जागी प्रोग्रॅमनं रिकामी जागा भरली. दुपारी कधीतरी फाइल पूर्ण झाली. मी दाराचा प्रसंग लावला. चित्रात मधूनमधून ठिकऱ्या होत्या, पण ते चालत होतं. आई तोंड उघडते. बायका हसतात. आई थांबते, पुन्हा तोंड उघडते. वर एक संथ गाणं वाजत राहतं. तिचे ओठ गाण्याच्या कुठल्याच शब्दाशी जुळत नव्हते, आणि मला उखाणा ओठांवरून वाचता येईना.

मग मी विचार केला, गाण्याखाली मूळ आवाज थोडातरी उरला असेल. मिसळलेला असेल तर गाळून काढता येईल का, ते बघू. आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी हेच केलं होतं : बोललेल्या आवाजाची लाट पडद्यावर काढायची आणि तिचे भाग मोजायचे. आवाज माझाच घेतला होता. सर म्हणाले होते, अडखळणारा आवाज अभ्यासाला चांगला, त्यात बघण्यासारखं जास्त असतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तीन महिने मी माझ्याच ‘क’कडं बघत बसले होते. अडलेला ‘क’ लाटेत एका ओळीत रोवलेल्या काड्यांसारखा दिसतो. बारीक, सारख्या उंचीच्या, जवळजवळ सारख्या अंतरावर. मग मोकळी जागा. मग पुन्हा काड्या. आणि मग एकदम तो शब्द, फुगलेला.

मी फाइलीतून आवाज वेगळा काढून त्या प्रोग्रॅममध्ये उघडला. दोन पट्ट्या आल्या, एकाखाली एक. वरची डाव्या बाजूची, खालची उजव्या. गाणं असलं की दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. या दिसत नव्हत्या. खालची भरीव होती, ठेक्यात वर-खाली होणारी, ते गाणं. वरची विस्कटलेली. कुठं दाट गर्दी, कुठं जवळजवळ काहीच नाही.

आवाज मिसळलेले नव्हतेच. शेजारी शेजारी ठेवलेले होते.

मी लॅपटॉपच्या डाव्या स्पीकरच्या जाळीला कान लावला. निव्वळ शांतता. उजव्याला लावला, गाणं. लॅपटॉप घेतल्यापासून मी त्यावर काही ऐकायचं म्हटलं की दोन्ही बाजूंना सारखंच असलेलं ऐकत आले होते, म्हणून एक बाजू मुकी आहे हे कधी कळलंच नव्हतं. कालपासून मी दोष तबकडीत शोधत होते.

इअरफोन आणायला उठणार होते, पण नजर पुन्हा पडद्यावर गेली. दाराचा प्रसंग वरच्या पट्टीत मोठा करून घेतला. सुरुवातीला गर्दी : बायकांचा गलका. मग एक मोकळी जागा. मग एक सलग, नीट वाहिलेली लाट, बोललेल्या एका ओळीएवढी. आणि त्यानंतर काड्या.

बारीक, सारख्या उंचीच्या, एका ओळीत. मग मोकळी जागा. पुन्हा काड्या.

मला ते ऐकायची गरज उरली नव्हती. तीन महिने रोज बघितलेलं अक्षर होतं ते. फक्त माझं नव्हतं.

दादा कधी आले ते मला कळलं नाही. खाकी शर्ट अंगावरच होता. ते माझ्यामागं उभे राहून पडद्याकडं बघत होते. लाटा वाचता येत नव्हत्या त्यांना, पण वरच्या कोपऱ्यात प्लेअरच्या छोट्या चौकटीत चित्र होतं, आणि त्या चित्रात दार होतं.

मी इअरफोनची पिन हातात घेतली.

“नको ऐकूस,” ते म्हणाले.

“तुम्हाला म्… म्… माहीत होतं?”

ते खिडकीकडं बघत माझं वाक्य संपेपर्यंत थांबले. मग पलंगाच्या कडेला बसले.

“कॅसेटच्या मशीनला मागं तीन पिना असायच्या. पिवळी चित्राची. लाल आणि पांढरी आवाजाची. आपल्या टीव्हीला आवाजाचं भोक एकच. शूटिंगवाला म्हणाला, लाल लावा, गाणी लागतील. पांढरी लावलीत तर मांडवातला सगळा कालवा ऐकू येईल.” त्यांनी कोपऱ्यातल्या चित्राकडं बोट केलं. “हा दाराचा भाग कापू का, असं त्यानं आपणहून विचारलं होतं. मी म्हटलं, कापू नका. गाणं टाका वर. तेव्हा लोक कॅसेट बघायला यायचे गं. सगळी आळी बसायची इथं. हसले असते.”

“म्हणजे आई…”

“लहानपणापासून. तुझ्यासारखंच.”

“आणि व्… वीज?”

“वीज पडली होती. खोटं नाही ते. मागच्या नारळावर पडली.” दादांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. “तू झोपलेली होतीस. उठलीसुद्धा नाहीस.”

मला हसू आलं आणि ते मध्येच कुठंतरी राहिलं.

“तुझं सुरू झालं तेव्हा मला पहिल्याच दिवशी कळलं, हे कुठलं ते. शकूताईलाही कळलं. ती म्हणाली, पोर मोठी झाल्यावर आईच्या नावानं बोटं मोडेल. गेलेल्या बाईला कशाला ऐकवायचं. मलाही तेच वाटलं. तुला आठवायला तिचं काहीच नाही. जे एक आहे ते हे असावं, असं नको वाटलं.”

एरवी दहा गावं एका श्वासात म्हणणारा आवाज खाली गेला होता.

“तिला र्… राग नाही आला? गाणं टाकलं म्हणून?”

“आला ना. माझ्यावर चिडल्याचं तेवढं एकच आठवतंय.” ते स्वतःच्या तळहाताकडं बघत होते. “एकदा ड्यूटीवरून आलो, तर टीव्हीसमोर एकटीच बसलेली. तिनं पिन बदलली होती. पांढरी लावलेली. हाच भाग बघत होती, मागं घेत होती, परत बघत होती. मी दारात उभा राहिलो. मला वाटलं, रडतेय. वळून बघितलं माझ्याकडं आणि म्हणाली…” दादा थांबले. “म्हणायला वेळ लागला तिला. म्हणाली, ‘बघा. घेतलं का नाही?’”

बाहेर रंगाऱ्यानं शिडी सरकवल्याचा आवाज आला.

“दादा,” मी म्हटलं. तो शब्द सरळ आला; कधी कधी येतो. “मी ऐकते.”

मी पिन लॅपटॉपला लावली. खालची पट्टी बंद केली. वरची दोन्ही कानांना जाईल अशी केली आणि इअरफोनची एक गोळी स्वतःच्या कानात घालून दुसरी त्यांच्यापुढं धरली. थोडा वेळ ती तशीच राहिली. मग त्यांनी घेतली. मी आवाज आणि कोपऱ्यातलं चित्र एकदमच सुरू केलं.

आधी कालवा. ट्रकचं इंजिन. कुठंतरी एक मूल रडतंय. मग अगदी जवळून, कॅमेऱ्याला खेटून उभ्या असलेल्या बायका : “नाव घ्या, नाव घ्या!”

“नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही बाई,” शकुआत्याचा तरुण, तार सप्तकातला आवाज. “मी दारातून हलत नसते.”

“मोठ्यानं गं, मागच्यांना ऐकू येऊ दे!”

शांतता. आणि मग तो आवाज.

तो खालच्या सुरातला होता, थोडा घोगरा. मी कल्पना केली होती त्याहून जाड. “दारातल्या रांगोळीत रंग भरले आठ,” ती म्हणाली, एकसलग, न अडखळता, यमकाच्या लयीवर.

“वा!” कुणीतरी म्हणालं.

“दि… दि…”

माझ्या शेजारी दादांचा हात पलंगाच्या पट्टीवर घट्ट झाला.

“दि… दि… दि…”

हसू आलं, एकीचं, मग दोघी-तिघींचं. “अगं, विसरली काय नवऱ्याचं नाव!” मोठा हशा. ट्रकपाशी उभ्या पुरुषांपर्यंत गेलेला.

“दि…”

“दिगंबरराव म्हण, दि-गं-बर,” आत्याचा आवाज, मदतीचा.

“ताई, थांब.” हा आवाज मी ओळखला. स्टँडवरचा, पण पंचविशीतला. “कुणी सांगू नका. ती घेईल.”

हसणं लगेच नाही थांबलं. विरत गेलं. मग नुसतं इंजिन, आणि ते रडणारं मूल, आणि तिचा श्वास. एक मोठा श्वास आत घेतलेला. काही तुकडे रिकामे होते तिथं आवाज कापल्यासारखा तुटला, परत आला.

“दि… दि…” पुन्हा श्वास.

कुणीही बोललं नाही. चित्रात आत्याचे पसरलेले हात हळूहळू खाली आले होते. दादा, फेटा बांधलेले, दाराच्या चौकटीवरच्या तोरणाकडं बघत उभे होते.

“दिगंबररावांचं नाव घेते,” आई म्हणाली, “सोडा आता वाट.”

गलका उसळला. टाळ्या, ओरडणं, कुणीतरी शिट्टी मारली. त्यात ती हसली. तेही ऐकू आलं, नाकातून आलेलं, तोडकं.

दादांनी कानातली गोळी काढली नाही. ते खिडकीकडं बघत होते. मी आवाज थांबवला, माऊसनं वरच्या पट्टीतली पहिली काडी पकडली आणि नाव पूर्ण होतं तिथवर ओढत नेलं. निवडलेल्या भागाची लांबी प्रोग्रॅम खालच्या कडेला दाखवतो.

त्रेचाळीस सेकंद.